जाहिरात आधी की ॲप आधी?

प्रिय मित्रा,

शेतमालाचे भाव शोधून देणारं तुझं ॲप लोक रोज उघडू लागलेत आणि खत-बियाण्यांच्या कंपन्या जाहिरातीसाठी मागे लागल्यात, हे वाचून मनापासून आनंद झाला. ‘आधी ॲप सुधारू की आधी पैसा आणू?’ असं तू विचारलंस. ही दोन वेगळी कामं आहेत असं तू गृहीत धरलंयस, ते मला पटत नाही. म्हणून गूगलची पहिली काही वर्षं तुझ्यासमोर ठेवतो.

गूगल सुरू करणारे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन तेव्हा स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करत होते. एखाद्या पानाकडे कोणकोणत्या पानांवरून लिंक येते आणि त्या पानांना स्वतःला किती वजन आहे, यावरून निकालांचा क्रम लावायचा, ही त्यांची मूळ कल्पना. ती तुला ठाऊकच असेल. पण १९९८ च्या त्यांच्या शोधनिबंधाला जाहिरातींबद्दल एक परिशिष्ट आहे, ते जरूर वाच. ‘सेल्युलर फोन’ असं शोधलं की त्यांच्या यंत्रात सगळ्यात वर काय यायचं? गाडी चालवताना फोनवर बोलल्याने लक्ष कसं विचलित होतं, याचा अभ्यास! फोन कंपन्यांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या सर्च इंजिनाला असं पान वर दाखवणं जड जाईल, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. पुढे जगातला सगळ्यात मोठा जाहिरातीचा धंदा ज्यांनी उभा केला, त्यांना धोका पहिल्या दिवसापासून दिसत होता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

सप्टेंबर १९९८ मध्ये कंपनी झाली, १९९९ मध्ये अडीच कोटी डॉलरची गुंतवणूक आली. कमाईचा मार्ग मात्र सापडला नव्हता. ऑक्टोबर २००० मध्ये शोधाच्या निकालांसोबत जाहिराती दाखवणारं ॲडवर्ड्स सुरू झालं, जाहिरातदार होते ३५०. भडक चित्रं नाहीत, नुसत्या मजकुराच्या छोट्या जाहिराती, आणि पैसे जाहिरात किती वेळा दिसली त्यावर. त्याच सुमारास गोटू नावाची दुसरी सर्च कंपनी दर क्लिकमागे बोली लावून घेत होती: जो जास्त देईल तो वर. फेब्रुवारी २००२ मध्ये गूगलने क्लिकची बोली उचलली, पण त्यात स्वतःची एक गोष्ट मिसळली. ती नीट समजून घे.

समज, एकाने क्लिकमागे ४० रुपये बोली लावली, पण त्याच्या जाहिरातीवर शंभरात एकच जण क्लिक करतो. दुसऱ्याची बोली २५ रुपयांची, पण क्लिक करणारे शंभरात तीन. जाहिरात शंभरदा दाखवली तर पहिल्याकडून ४० रुपये बोलीचे, दुसऱ्याकडून ७५. म्हणून दुसरा वर. शिवाय त्याने २५ द्यायचे नाहीत. पहिल्याच्या वर राहायला लागतात तेवढेच, म्हणजे तेरा रुपयांच्या थोडे वर. लोकांच्या कामाची जाहिरात स्वस्त पडते, निरुपयोगी महाग. लहान दुकानदार मोठ्या कंपनीच्या वर जाऊ शकतो, शोधणाऱ्याला त्रास कमी आणि कंपनीला पैसा जास्त. माझ्या मते पानांच्या क्रमवारीइतकाच हाही मोठा शोध आहे.

पुढचं भराभर घडलं. २००३ मध्ये इतरांच्या साइटवर जाहिराती देणारं ॲडसेन्स, ऑगस्ट २००४ मध्ये ८५ डॉलर दराने शेअर बाजारात प्रवेश, २००५ मध्ये फोन चालवणाऱ्या अँड्रॉइडची खरेदी, २००८ मध्ये क्रोम ब्राउझर. अँड्रॉइड आणि क्रोम ही फुकट दिलेली साधनं लोकांना पुन्हा त्याच शोधपेटीकडे आणत राहिली.

पण उलटी बाजूही सांगायला हवी. जाहिरातींमागचा वेगळा रंग नंतर काढून टाकला आणि जाहिरात कुठे संपते ते चटकन कळेनासं झालं. फोन आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपलंच सर्च असावं म्हणून गूगलने एकट्या २०२१ मध्ये २६०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम इतर कंपन्यांना दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवल्याचा निकाल दिला. वाट विकत घेऊन झालेल्या वाढीला मी नवनिर्मिती म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस.

आता तुझं. लासलगावचा कांद्याचा भाव बघणाऱ्याला त्या क्षणी गाडीभाडं, गोणपाट, कांदाचाळीत माल ठेवायची सोय हवी असते. त्याला ट्रॅक्टरच्या कर्जाची जाहिरात दाखवू नकोस, कंपनीने कितीही पैसे देऊ केले तरी. एखादा व्यापारी ‘माझा भाव यादीत वर दाखवा’ म्हणाला तर तिथल्या तिथे नाही म्हण. जाहिरात वेगळ्या रंगात, वेगळ्या चौकटीत ठेव.

आणि खत कंपनीला होकार कळवायच्या आधी मला एक आकडा पाठव: भाव शोधल्यावर मिनिटभरात तोच शब्द फिरवून पुन्हा शोधणारे शंभरात किती? त्यांना पहिल्यांदा उत्तर मिळालेलं नसतं. तो आकडा बघून जाहिरातीचं ठरवू.

तुझा,
काका