कार्डाआधी मॉनिटर बघ

अरे, गेमिंगच्या कॉम्प्युटरसाठी आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाचा नाद आत्ता सोड. ३२ जीबी मेमरी खरी, पण ते कार्ड ५७५ वॅट खातं. तुझा मॉनिटर १०८०पी (फुल एचडी), ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा. साठाच्या वरच्या फ्रेम, म्हणजे चित्रं, तो दाखवणारच नाही. आरटीएक्स ४०६० भरपूर झालं, ११५ वॅटचं.

वापरलेलं ३०६० मिळालं तर १२ जीबीचंच घे, ८ जीबीचंही येतं. घेण्याआधी समोर अर्धा तास गेम चालवून पंख्याचा आवाज ऐक.

नवशिके सगळे पैसे कार्डात घालतात आणि कॅबिनेटबरोबर आलेला पॉवर सप्लाय तसाच ठेवतात. तिथं काटकसर नको. खानापूरकडं पावसाळ्यात लाईट कशी येते-जाते तुला माहीत आहेच, यूपीएसही घे.

ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं, नंतर बघू. बेळगावला खरेदीला येशील तेव्हा कॅबिनेटची आतली लांबी मोजून आण, कार्ड आत बसायला हवं.