ज्युनियर आइस हॉकी बघायला लागताना

इंदूरला बसून कॅनडाची ज्युनियर लीग बघायची म्हणतोस, तर आधी झोपेचं बघ. तिथल्या ओंटारियो प्रांतातली संध्याकाळी सातची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला. संपेपर्यंत पोहे-जलेबीची वेळ होते.

एकच टीम धर. ओंटारियोच्या ज्युनियर लीगमध्ये (OHL) २० टीम, प्रत्येकीच्या ६८ मॅच. सगळ्यांमागे धावलास तर दिवाळीपर्यंतच कंटाळशील.

- पक (चेंडूऐवजी असते ती काळी रबरी चकती) शोधत बसू नकोस, सुरुवातीला दिसतच नाही. खेळाडू कुठे वळतात ते बघ.
- आधी नियम दोनच शिक: ऑफसाइड (पकच्या आधी निळी रेषा ओलांडून समोरच्यांच्या भागात शिरणं) आणि आयसिंग (आपल्या अर्ध्या भागातून पक थेट समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे मारणं). बाकीचं नंतर.

आणि डिसेंबरअखेर टीम हरायला लागली म्हणून सोडू नकोस. तेव्हा वर्ल्ड ज्युनियर्स, म्हणजे २० वर्षांखालच्या पोरांची जागतिक स्पर्धा असते, चांगली पोरं आपापल्या देशाकडून खेळायला गेलेली असतात. पहिल्या वर्षी मीही उगाच रुसलो होतो!