वाचक विचारतात : सहा नावांचं 'कर्णिका'

प्रश्न : काही वर्षांपूर्वी मुंबईहून गोव्याला जाणारं 'कर्णिका' हे क्रूझ जहाज नवं होतं की रंगरंगोटी केलेलं जुनं?

उत्तर : जुनं. 1990 मध्ये इटलीतल्या मोन्फाल्कोने इथे फिन्कान्तिएरीच्या गोदीत ते 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून तयार झालं. मागणी मुळात सित्मार कंपनीची. पण 1988 मध्ये पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीने सित्मारच विकत घेतली आणि जहाज तिच्या 'प्रिन्सेस' या क्रूझ शाखेच्या ताफ्यात गेलं. बाह्याकार वास्तुकार रेन्झो पियानो यांचा, पुढचा घुमट डॉल्फिनच्या डोक्यासारखा. पुढे जर्मन प्रवाशांसाठी 2002 मध्ये 'आरोझा ब्लू' आणि 2004 मध्ये 'आयडाब्लू', ब्रिटिशांसाठी 2007 मध्ये 'ओशन व्हिलेज टू', ऑस्ट्रेलियात 2009 पासून 'पॅसिफिक ज्वेल'. 'कर्णिका' हे सहावं नाव 2019 मध्ये मिळालं, तेव्हा जहाज तिशीला टेकलं होतं.

प्रश्न : इतकी नावं बदलली, तर जहाज तेच आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर : आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, क्रमांकावरून. मालक, झेंडा, नाव काहीही बदललं तरी तो भंगारात जाईपर्यंत कायम राहतो. नाव पुसता येतं. हा क्रमांक मात्र पोलादावर उठावात, कोरून किंवा पंच मारून कायमचा उमटवावा लागतो. बाहेरचे अंक किमान 200 मिलिमीटर उंच हवेत, आणि प्रवासी जहाजावर तो आकाशातून दिसेल अशा आडव्या पृष्ठभागावर असावा लागतो.

'कर्णिका'चा क्रमांक 8521220. सातवा अंक पडताळणीचा असतो. पहिल्या सहा अंकांना डावीकडून 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणा : 56, 30, 10, 4, 6, 4. बेरीज 110. तिचा शेवटचा अंक शून्य, क्रमांकाचाही शून्य. जमलं नाही, तर समजा कुणीतरी क्रमांक चुकीचा उतरवला आहे. जुन्या जहाजांच्या याद्या चाळताना ही तपासणी आधी करावी, अर्धे घोळ तिथेच मिटतात.

प्रश्न : जहाज 70,000 टनांचं, म्हणजे तेवढं वजन?

उत्तर : नाही. ग्रॉस टनेज हे बंदिस्त जागेच्या आकारमानावरून काढतात. 70,000 चा आकडा म्हणजे सुमारे 2,28,000 घनमीटर जागा. भंगारवाला हा आकडा बघतही नाही, तो रिकाम्या जहाजाच्या वजनावर भाव ठरवतो.

प्रश्न : मग ते गुजरातेत अलंगला, जहाजं तोडतात तिथे, का गेलं? वय झालं म्हणून?

उत्तर : वय सोयीचं कारण आहे, खरं कारण रोकड. जुळं भावंड 'रीगल प्रिन्सेस' 1991 चं. तेही टाळेबंदीत विकलं गेलं, पण नवा मालक मिळाला आणि 2022 पासून 'ॲम्बियन्स' नावाने ब्रिटनमधून प्रवासी नेऊ लागलं.

मार्च 2020 पासून 'कर्णिका'ची फेरी बंद, उत्पन्न शून्य. उभ्या जहाजाचा खर्च मात्र थांबत नाही. एखादा जनरेटर अखंड चालवावा लागतो, कारण वातानुकूलन बंद झालं की दमट हवेत गालिच्यांना आणि छताच्या पॅनेलना बुरशी धरते. आगीचे पंप तयार ठेवायचे, नांगरावर पहारा ठेवायचा, त्यासाठी माणसं लागतात. शिवाय मालवाहू जहाजांची सुरक्षा प्रमाणपत्रं पाच वर्षांपर्यंतची, प्रवासी जहाजाचं एकाच वर्षाचं. दरवर्षी तपासणी आणि तिच्यात निघेल ती दुरुस्ती. थकबाकी वाढली, जहाज अरेस्ट झालं (म्हणजे कोर्टाने अडकवून ठेवलं), कोर्टाच्या आदेशाने लिलाव झाला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये ते अलंगला पोचलं. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जहाज पुरत्या वेगाने किनाऱ्यावर चढवतात. ओहोटीला ते कोरडं पडतं आणि कापणाऱ्यांना चालत गाठता येतं.

प्रश्न : लिलाव झाल्यावर खलाशांच्या पगाराचं काय होतं?

उत्तर : 2017 च्या ॲडमिरल्टी (जहाजांवरच्या दाव्यांच्या) कायद्यात सागरी धारणाधिकारांमध्ये, म्हणजे थेट जहाजावर चालणाऱ्या हक्कांमध्ये, कप्तान, अधिकारी आणि खलाशांचा पगार सर्वांत वर आहे. त्यामागे मृत्यू किंवा इजेची भरपाई, मग जहाज वाचवणाऱ्यांचा मोबदला, मग बंदराची देणी. कर्ज देणारी बँक यांच्यानंतर, आणि इंधन पुरवणारा बहुधा तिच्याही मागे. पगाराचा हा अधिकार दोन वर्षांत संपतो, बाकीचे एका वर्षात. म्हणून पगार थकला की करारपत्र आणि पगाराच्या पावत्या घेऊन वकिलाकडे लगेच जावं. कोर्टाकडून घेणाऱ्याला जहाज सर्व बोज्यांतून मुक्त मिळतं. त्यानंतर दावा जहाजावर चालत नाही, फक्त कोर्टात जमा झालेल्या रकमेवर चालतो.