दोन तोंडांचा सिनेमा

प्रश्न : जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा 'डेर यानुसकोप्फ' हा मूकपट कुठल्याच ओटीटीवर मिळत नाही. पुण्याच्या फिल्म संग्रहालयात असेल का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : अहो, तो आता कुठेच नाही! १९२० चा हा जर्मन मूकपट हरवलाय. पटकथा तेवढी उरली. गोष्ट स्टीव्हन्सनच्या जेकिल-हाइडचीच, म्हणजे एकाच माणसाच्या भल्या नि बुऱ्या रूपांची, पण हक्क न घेता उचललेली, म्हणून जेकिलचा झाला डॉ. वॉरन. दोन्ही रूपं रंगवली कॉनराड फाइट या नटानं. नोकराच्या कामात बेला लुगोसी, पुढे पडद्यावर ड्रॅक्युला झाला तोच! गंमत म्हणजे 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून काढलेला मुर्नाऊचा 'नोस्फेरातू'ही विनापरवानाच. त्याच्या प्रती नष्ट करा असा कोर्टाचा हुकूम होता, तरी तो वाचला.

तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भुरकन पेटणारी. नाही पेटली तरी सडते. चोरबाजारात मी एकदा गंजलेला डबा उघडायला लावला होता. रीळ गुळाच्या ढेपेसारखं घट्ट, कडेला तपकिरी भुकटी. दुकानदार म्हणाला, "साहेब, डबा घ्या, पीठ ठेवायला होईल." घेतला नाही.

आणि जर्मनांना काय हसायचं? १९३१ मध्ये तुमच्या गिरगावातल्याच मॅजेस्टिक थिएटरला लागलेला आपला पहिला बोलपट 'आलम आरा' तरी कुठाय?