जुन्या पिकअपमध्ये जास्त ताकदीचे इंजिन बसवता येईल का? आधी काय पाहावे?

बसवता येते, मात्र इंजिन बॉनेटखाली मावते की नाही, हा या कामातला सर्वांत सोपा प्रश्न आहे. खरी अडचण अनेकदा ऑइल संपपाशी, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यापाशी, येते, कारण नव्या इंजिनाचा संप पुढच्या क्रॉसमेंबरवर (चासीच्या आडव्या पट्टीवर) टेकला तर इंजिन वर उचलावे लागते, ते उचलले की मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि गाडी ठरावीक वेगाला थरथरू लागते. म्हणून इंजिन धरून ठेवणारे माउंटिंग आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारून, गिअरबॉक्स जोडून, सगळे एकदा जागेवर बसवून पाहावे. पक्के वेल्डिंग त्यानंतर.

जुनी गाडी कार्ब्युरेटरची आणि नवे पेट्रोल इंजिन इंजेक्शनचे असेल, तर इंधनपंपही बदलावा लागेल. कार्ब्युरेटरला साधारण ४ ते ६ पीएसआय दाब पुरतो, तर इंजेक्शनला बहुधा ४० ते ६० पीएसआय लागतो, आणि जुन्या रबरी नळ्यांवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. इंजिनासोबत त्याचा ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक), सेन्सर आणि वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा) एकाच गाडीतून, न कापता घ्यावा. (कापलेल्या वायरी जुळवणे हे संयमाच्या परीक्षेसारखेच काम आहे.)

क्लच, रेडिएटर आणि गिअरबॉक्सची टॉर्क (फिरवणारा जोर) पेलण्याची मर्यादा हे ओघाने आलेच. ब्रेक मात्र इंजिनाच्या आधी सुधारावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिन क्रमांक बदलणार असल्याने नोंदणीविषयक परवानगीची चौकशीही काम सुरू होण्यापूर्वीच करावी.