हाँगकाँगच्या हाय स्ट्रीटवरचं ‘भुताचं घर’ मुळात काय होतं?

भुतांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्याच असतील, पण मुळात ते नर्सेस क्वार्टर्स. त्याच साई यिंग पुन भागातल्या सरकारी सिव्हिल हॉस्पिटलच्या युरोपियन नर्ससाठी १८९२ मध्ये बांधलेले.

दोनच वर्षांत शहरात प्लेग शिरला. यर्सिन आणि कितासातो यांनी प्लेगचा जंतू शोधला तो १८९४ च्या याच साथीत, हे आपण शाळेपासून वाचतो. रोग्यांच्या उशाशी ज्या बसल्या, त्या ड्यूटी संपवून कुठे परतायच्या, हे कुणी सांगत नाही. १८९८ मध्ये त्या हॉस्पिटलच्या दोन नर्स प्लेगनेच गेल्या. आपल्याकडे १८९६ ला मुंबईत, मांडवीत उद्भवलेला प्लेगही हाँगकाँगहून जहाजांनी आला असं मानतात, म्हणून मला हे सगळं फार लांबचं वाटत नाही.

माझी आई नर्स होती, आमचं लहानपण क्वार्टर्समध्येच गेलं. ती नाइट करून आली की दुपारभर आम्ही भावंडं चपला हातात घेऊन चालायचो. त्यामुळे हाय स्ट्रीटवर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा भुतं आठवलीच नाहीत. दिसला तो ग्रॅनाइटच्या कमानींचा खोल व्हरांडा. असा व्हरांडा असला की ऊन खोलीत येत नाही, वारा मात्र येतो. रात्रपाळीच्या बाईला दिवसा झोपायला याहून चांगलं काय हवं?

पुढचं थोडक्यात सांगते. १९३७ मध्ये क्वीन मेरी हॉस्पिटल सुरू झालं, नर्स तिकडे गेल्या आणि १९३९ पासून इथे मनोरुग्णालय आलं. १९६१ मध्ये कॅसल पीक हॉस्पिटल हे नवं मनोरुग्णालय उघडल्यावर इथे फक्त दिवसा उपचार होत, तेही १९७१ ला थांबले. मग रिकामी इमारत, दोनदा लागलेली आग, आणि भुतांच्या अफवा. वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून भुतं असणार, हा तर्क मला क्रूर वाटतो. आजारी माणसं होती ती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दर्शनी भाग ठेवून बाकी सगळं पाडलं. २००१ मध्ये मागे उंच कम्युनिटी कॉम्प्लेक्स उभं राहिलं आणि २०१५ मध्ये उरलेल्या भागाला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. कधी गेलात तर रस्त्याच्या पलीकडून बघा. कमानी आहेत, व्हरांडा आहे. नर्स जिथे झोपायच्या, त्या खोल्या मात्र नाहीत.