'नॉनकोडिंग' म्हणजे निरर्थक नव्हे

प्रश्न असा आहे : मानवी डीएनएतले 'कोडिंग' (प्रथिन कसं बनवायचं ते सांगणारे) आणि 'नॉनकोडिंग' (ते न सांगणारे) भाग संख्याशास्त्राने वेगळे काढतात. त्यांना मराठीत 'सार्थ' आणि 'निरर्थक' म्हणावं, की 'सांकेतिक' आणि 'असांकेतिक'?

मला दोन्ही जोड्या खटकतात. 'असांकेतिक' वाचून 'रूढी न पाळणारा' असंच मनात येतं. 'निरर्थक' तर 'नॉनसेन्स म्युटेशन'साठी (प्रथिनाचा मजकूर मध्येच तोडणाऱ्या बदलासाठी) राखून ठेवायला हवा, आणि गंमत म्हणजे ते घडतं कोडिंग भागातच! शिवाय जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी 1972 साली 'जंक' म्हटल्यापासून या भागाची बदनामी पुरेशी झाली आहे. मानवी डीएनएत सुमारे 300 कोटी अक्षरं (ए, टी, जी, सी ही चारच, पुन्हापुन्हा); त्यातली प्रथिनांचा मजकूर सांगणारी जेमतेम शेकडा एक-दोन. उरलेल्यात जनुकं चालू-बंद करणारे भागही येतात.

मुळात संख्याशास्त्राला अर्थ कळतच नाही. त्याला कळते ती चाल. 'पहाट सरली गवत भिजलं' हे चार त्र्यक्षरी शब्द सलग लिहा आणि सुरुवातीचं एक अक्षर सोडून तिनातिनाने तोडा : हाटस, रलीग, वतभि. मराठी न येणाऱ्यानेही बराच मजकूर मोजला, तर कोणत्या तोडणीत ओळखीची त्रिकुटं पुन्हापुन्हा येतात ते त्याला सांगता येईल. कोडिंग भागही असाच तिनातिनाने वाचला जातो. ल्युसीन या प्रथिनाच्या एका घटकासाठी सहा त्रिकुटं चालतात, पण माणसात सीटीजी हे सीटीएच्या कितीतरी पट वापरलं जातं. अशा आवडीनिवडींमुळे दर तिसऱ्या अक्षराला एक ठेका उमटतो, आणि तो गणिताने पकडता येतो.

मग कोडिंग भाग ओळखायला नुसती थांब-त्रिकुटं ('प्रथिनाचा मजकूर इथे संपला' असं सांगणारी टीएए, टीएजी, टीजीए) पाहून का भागत नाही? चार अक्षरांची त्रिकुटं होतात 64; त्यांपैकी थांब्याची 3, म्हणजे वाटेल तशा जुळलेल्या मजकुरात सरासरी दर एकवीस त्रिकुटांना एक थांबा यावा. पण माणसात कोडिंगचे तुकडे बऱ्याचदा दीडेकशे अक्षरांचेच असतात. पन्नास त्रिकुटं थांब्यावाचून निव्वळ योगायोगाने जाण्याची शक्यता शेकडा 9 निघते. एवढ्यावर कोण विसंबणार? म्हणून सहा-सहा अक्षरांच्या जोडण्यांची वारंवारताही मोजतात. तरीही हाती येते ती शक्यताच, खात्री नव्हे.

शब्दाकडे परत येतो. 'संकेतहीन'ही मी टाळीन. मराठीत संकेत म्हणजे खूणही, आणि खुणा त्या भागात भरपूर आहेत. मला आपला 'बिगर' बरा वाटतो. बिगरशेती जमीन म्हणजे पडीक जमीन नव्हे. तिथे शेती होत नाही, एवढंच. तेव्हा वाक्य मी असं लिहीन : 'डीएनएतला एखादा तुकडा प्रथिनसंकेती असेल की बिगरप्रथिन, याचा अंदाज त्यातल्या त्रिकुटांच्या वारंवारतेवरून बांधता येतो.' तज्ज्ञांसाठी लिहीत असाल तर मात्र सरळ 'कोडिंग' आणि 'नॉनकोडिंग'च लिहा.